केक रुंदीला कापावा

श्रीरामपूर
८ जानेवारी २०२६

चि. सौ. देवश्रीस,

मोठी बहीण म्हणून आशीर्वाद. रीत आहे म्हणून देते, मनात आत्ता वेगळंच आहे.

परवा आपण फोनवर बोलत होतो की भांडत होतो हे मला अजून कळलेलं नाही. मध्येच तुझ्या सासऱ्यांनी तुझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "अंबिका, रागावलेल्या माणसानं फोन करू नये, पत्र लिहावं. लिहिताना मध्ये चहा पिता येतो." नानांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. त्यांचा शब्द कोण मोडणार? म्हणून लिहितेय. चहाही पिऊन झाला. राग आहे तिथेच आहे.

अकरा वर्षं घरच्या ओट्यावर केक केले, तेव्हा कुठे मेन रोडला आक्काबाईंचा गाळा भाड्यानं घ्यायची हिंमत झाली. वर बोर्ड लावला, 'अंबिका केक, हवा तसा, हाताने सजवलेला'. आता लोक येतात, बोर्ड वाचतात आणि म्हणतात, "ताई, साधा द्या. सजवू नका." काल चांगुणाबाई आल्या. नातवाचा पहिला वाढदिवस. मी हौसेनं विचारलं, वर ट्रॅक्टर काढू का? तर म्हणतात, "न्हाई न्हाई, तुमी नुसता पांढरा द्या. सुनंनं मशीन मागवलंय. मोबाईलवरनं फोटो धाडला की केकवर छापून येतोय. फुलंबी तेच काढतंय. लई भारी हाय." भारी हाय! याच बाईंच्या मुलाच्या साखरपुड्याचा केक मी पाय सुजेपर्यंत उभ्यानं सजवला होता.

नाताळात मला दरवर्षी जेवायला फुरसत नसते. श्रीरामपुरातला नाताळ तुला माहीत आहे. यंदा मी नाताळात दुपारची झोपले. झोप लागली नाही ते सोड.

आणि हे मशीन कसं चालवायचं ते सगळं गाव कुणाकडून शिकतंय? चांगुणाबाईंच्या सुनेनं मला व्हिडिओ दाखवला. मशीनशेजारी हसत उभी कोण, तर माझी सख्खी मावसबहीण! लग्नाआधी माझ्याकडे महिनाभर राहून जी क्रीम फेटायला शिकली, ती. अंगावर साडीसुद्धा मी दिलेली.

असंच चाललं तर पाडव्याला गाळा सोडावा लागेल. आक्काबाईंना तसं सांगून ठेवलंय. ही धमकी नाही, माहिती आहे.

अंबूताई


शेवगाव
१७ जानेवारी २०२६

प्रिय अंबूताई,

नमस्कार. तुझं पत्र नानांनीच पोस्टमनकडून घेतलं आणि माझ्या हातात देताना म्हणाले, "जड आहे." उघडल्यावर कळलं का ते.

अगं, मी काय चोरी केली का? तू मला शिकवलंस हे मी जिथे तिथे सांगते. पण ताई, माझे गुलाब आठव. तूच म्हणाली होतीस, हे गुलाब आहेत की कोबी? इतकी वर्षं मी कोबीच काढत होते. कोण मला ऑर्डर देणार? मग हे मशीन आलं. आता गल्लीतल्या बायका संध्याकाळी माझ्याकडे येतात, आपापल्या पोरांचे केक आपल्या हातानं, म्हणजे मशीनच्या हातानं, सजवून नेतात. शेजारची ज्ञानेश्वरी परवा स्वतःच्या मुलीचा फोटो केकवर उमटताना बघून टाळ्या वाजवत होती. यात तुझं नुकसान व्हावं असं माझ्या मनात कधी आलं नाही. मशीनही काही सुखानं चालत नाही. मध्येच निळा रंग यायचा थांबतो आणि पोरं हिरवी छापली जातात. मी त्याला रोज दोनदा शिव्या देते. पण चालतं.

बरं, आता महत्त्वाचं. रागावू नकोस. येत्या २२ फेब्रुवारीला नानांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. ऐंशी ओलांडलेल्या माणसानं हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात म्हणून करतात ना, तेच. त्यांचे विद्यार्थी येणार, औक्षण होणार, जेवण होणार. शेवटी वडिलांच्या हातून केक कापायचा असं केदारच्या डोक्यात आहे. केक तुझाच हवा, अंडं न घातलेला. तुझ्यासारखा मऊ इकडे कुणाला येत नाही. तू फक्त बेस पाठव, चांगला मोठा, लांबट, वरून पांढरा. वर नानांचा फोटो मी छापते. तुला सजवायचा त्रास नको म्हणून हा विचार केला.

तुझीच,
देवश्री


श्रीरामपूर
२७ जानेवारी २०२६

देवश्री,

आशीर्वाद शिल्लक नाहीत, मागच्या पत्रातलाच पुरवून वापर.

त्रास नको म्हणून! अगं, तो त्रासच माझा धंदा आहे. सजवायचा त्रास माझ्याकडून काढून घेतलास तर माझ्याकडे उरतं काय, भांडी घासणं? आणि बेस म्हणे. म्हणजे मी पाया खणायचा आणि वर माडी तुझ्या मशीननं बांधायची.

तुझ्या व्हिडिओंची कृपा म्हणून माझ्या दुकानात आता काय चालतं ते ऐक. सोमवारी एक मुलगी मशीन रिक्षात घालून घेऊन आली. नळीत क्रीम अडकलं होतं. मी विचारलं, मी काय करू? म्हणाली, "क्रीम तुमचंच हाय ना?" मी सुईनं तिची नळी साफ करून दिली. थँक्यू म्हणून गेली. बुधवारी एकीचा केक छापताना हलला, तर नवऱ्याला दोन नाकं आली. तो केक माझ्यासमोर ठेवून म्हणते, "ताई, एवढं एक नाक जरा पुसून द्या." पुसलं. तेही फुकट, कारण नाक पुसायचे काय पैसे मागायचे! माझ्या बोर्डावर आता 'हाताने दुरुस्त केलेला' असं लिहायचं तेवढं राहिलंय.

नानांसाठी केक देईन. नाना तुझे सासरे झाले त्याच्या आधीपासून मी त्यांना ओळखते. आठवीत मी त्यांच्याच वर्गात होते. माझा पहिला केक त्यांनी अर्धा कच्चा असूनही संपवला होता आणि वर दुसरा तुकडा मागितला होता. त्यांच्या या दिवसाला मी चंद्रप्रकाशातलं अख्खं तळं काढणार होते. कमळं, पाणी, सगळं मनात तयार होतं. असो. तुला पांढरा हवा, तर पांढरा मिळेल. वर माझं बोटसुद्धा लागलेलं दिसणार नाही.

केदारला २१ तारखेला दुपारी पाठव.

अंबिका


शेवगाव
५ फेब्रुवारी २०२६

प्रिय ताई,

तू 'अंबिका' अशी सही केलीस, ती वाचून मी रडले. केदार म्हणाला, आता तरी फोन कर. नाना म्हणाले, अजिबात नको, अजून एक चहा होऊ दे.

केदार २१ ला येईल. तू पण चल ना त्याच्याबरोबर. नाना रोज विचारतात.

देवश्री


श्रीरामपूर
२१ फेब्रुवारी २०२६

(केदारच्या हाती)

देवश्री,

केक दिला आहे. मागितलास तसा साधा. मी येत नाही. उद्या दुकानात एक ऑर्डर आहे. साधीच आहे, पण आहे.

एकच गोष्ट नीट वाच. हा केक लांबीला कापू नकोस. रुंदीला काप. एका टोकापासून सुरुवात कर आणि सरळ तुकडे करत जा. का, ते विचारू नकोस.

नानांना माझा नमस्कार सांग.

अंबूताई


शेवगाव
२७ फेब्रुवारी २०२६

प्रिय अंबूताई,

कार्यक्रम छान झाला. खूप माणसं आली होती. एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण केलं, तेव्हा नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, धूर गेला. पुरणपोळी कमी पडता पडता राहिली. एक जुना विद्यार्थी कर्जतहून स्वतःच्या शेतातलं कलिंगड घेऊन आला होता. केदारनं भाषण केलं आणि मध्येच विसरला.

फोटो चांगला छापला गेला. सगळे बघत राहिले.

तुला खूप धन्यवाद. तू यायला हवी होतीस.

देवश्री


श्रीरामपूर
६ मार्च २०२६

देवश्री,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कलिंगड आहे, पुरणपोळी आहे, केदारचं विसरलेलं भाषण आहे. फोटो चांगला छापला गेला, तेही आहे. केक कसा होता हे कुठेच नाही!

मला वाटलं होतं, कापल्यावर तरी तुझा फोन येईल. नानांनी बंदी घातलेली असली तरी येईल. आत काय केलं होतं ते एवढ्या माणसांनी ताटल्यांत घेतलं, डोळ्यांनी बघितलं, गिळलं आणि हात धुतले. कुणाला एक शब्द बोलावासा वाटला नाही? तुझ्या मशीननं छापलेल्या चेहऱ्याचं एवढं कौतुक की खालच्या केकमध्ये काय आहे हे बघायची शुद्ध राहिली नाही? मी तीन वेळा करून बघितला होता तो. दोन वेळा फसला. फसलेले माझ्या शेजाऱ्यांनी खाल्ले, तेही न बघता. आमच्याकडे बघायची पद्धतच नाही बहुतेक.

मी चिडलेय असं समजू नकोस. चिडायचं माझं संपलं. लोकांना आता हाताचं नको आहे, एवढंच आहे ते. मशीनचा दोष नाही, तुझाही नाही. मी काल आक्काबाईंकडे जाऊन पक्कं सांगितलं, पाडव्याला किल्ली देते. गाळा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका मुलाला हवा आहे. त्याला बोर्डसुद्धा रिकामा करून हवाय.

क्रीमची फुलं काढायच्या नोजलचा डबा तुला पाठवते. वापरायचे नसतील तर मशीनच्या नळ्या साफ करायला उपयोगी पडतील.

अंबिका


शेवगाव
१४ मार्च २०२६

अंबूताई,

आधी हे पूर्ण वाच, मग काय बोलायचं ते बोल. फोनवर बोल, नानांनी आजपासून बंदी उठवली आहे. पण त्यांनीच सांगितलं की एवढं मात्र लिहून पाठव.

तुझा केक त्या दिवशी कुणी कापलाच नाही.

मी लाजेनं लिहिलं नव्हतं. झालं असं की मी नानांचा चेहरा केकभर मोठा छापला. या कानापासून त्या कानापर्यंत, चष्म्यासकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केदारनं नानांच्या हातात सुरी दिली. नानांनी ती उचलली, खाली बघितलं आणि तशीच धरून उभे राहिले. म्हणाले, "हा माणूस माझ्याकडेच बघतोय." कुणीतरी हसलं. एवढ्यात केदारच्या आत्याबाई पुढे आल्या आणि माझ्यावर ओरडल्याच. "आज त्यांना आयुष्य मागायचा दिवस, आणि तोंडावरून सुरी फिरवताय? डोकी फिरली का तुमची?" झालं. त्यानंतर कुणी सुरीला हात लावेना. विद्यार्थी तर दोन पावलं मागेच सरकले, सरांच्या तोंडावर सुरी कोण चालवणार? केदार म्हणाला, वरचं क्रीम खरवडून काढू. आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे तोंड खरवडणार?" शेवटी केदार पळत जाऊन पेढे घेऊन आला आणि आम्ही ते वाटले.

एवढा मोठा केक आमच्या फ्रिजमध्ये मावेना. म्हणून कोपऱ्यावरच्या गोरक्षनाथच्या डेअरीत, त्याच्या आडव्या डीप फ्रीजरमध्ये ठेवला. गोरक्षनाथ नानांचाच विद्यार्थी. वर काचेचं झाकण. ताई, मी दूध आणायला गेले की नाना काचेखालून माझ्याकडे बघायचे, आजूबाजूला आइस्क्रीमचे डबे. येणारी जाणारी माणसं काचेला नमस्कार करायची. गोरक्षनाथ म्हणायचा, "वहिनी, सर दिसभर बघत्यात. मापात जरा कमी टाकायची बी सोय राह्यली न्हाई." मी रोज मशीनच्या नावानं कपाळाला हात लावत होते आणि तुला काय लिहू हे सुचत नव्हतं. केक चांगला होता असं लिहिलं तर खोटं, आणि न कापता फ्रीजरमध्ये पडलाय असं लिहिलं तर तू मला उभं जाळलं असतंस.

परवा गोरक्षनाथ म्हणाला, "वहिनी, पाडवा आलाय, श्रीखंडाला जागा पायजे. सरांना आता घरी न्या." आणि त्याच दिवशी तुझं पत्र आलं. 'आत काय केलं होतं' हे वाचलं आणि मी तुझी २१ तारखेची चिठ्ठी शोधून काढली. रुंदीला काप, याचा अर्थ मला तेव्हा कळला. मी ती तुझी नेहमीची हुकूमशाही समजले होते.

पत्र नानांना वाचून दाखवलं. सगळं. गाळा सोडते तेसुद्धा. ते म्हणाले, "आण तो केक." आत्याबाई अजून इथेच आहेत, त्या उठून पुढे आल्या. नाना त्यांना म्हणाले, "माई, मी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे कान धरले. आज स्वतःचा धरतो. कान कापल्यानं कुणी मरत नाही." आणि त्यांनी डाव्या कानापासून सुरी घातली, रुंदीला, सरळ.

पहिला तुकडा आडवा पडला. ताई, आत काळाभोर चॉकलेटचा केक आणि मधोमध पिवळाधमक गोल चंद्र. दुसरा तुकडा, पुन्हा चंद्र. तिसऱ्यातही. मी वेड्यासारखी ताटल्या मांडत सुटले. आत्याबाई "अगं बाई, अगं बाई" एवढंच म्हणत होत्या आणि प्रत्येक तुकड्याला आधी हात जोडून मग खात होत्या. चेहऱ्यावरून सुरी जातेय हे त्या विसरूनच गेल्या. अर्धा चेहरा गेला तेव्हा नाना थांबले. एक ताटली हातात घेऊन बसले. म्हणाले, "हजार चंद्र पाहिले असं तुम्ही लोक सांगता. मी कुठे मोजले? निम्म्या पौर्णिमांना मी पेपर तपासत होतो. हा एक मात्र नीट पाहिला." आणि मग त्यांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले. धूर नव्हता कुठेच.

गल्लीतल्या बायका आल्या, सगळ्यांना दिला. ज्ञानेश्वरीनं तुकडा उलटा सुलटा करून बघितला आणि मला विचारलं, "हे मशीनमधनं करता येतं का?" मी म्हटलं, नाही. मशीनला आत जाता येत नाही. आता तिला मुलीच्या वाढदिवसाला आत सूर्य हवाय. गोरक्षनाथला डेअरीच्या वाढदिवसाला हवाय, आत काय ते तो ठरवतोय, बहुतेक बैलगाडी म्हणेल. आणखी दोघी विचारून गेल्या. वरचं मी छापीन, चेहरा सोडून काहीही. आतलं फक्त तुझ्याकडून येऊ शकतं.

केदार उद्या कामाला श्रीरामपूरला येतोय. त्याच्याबरोबर स्टीलच्या डब्यात तुझा तुकडा पाठवतेय. नानांनी स्वतः निवडून दिला. उजव्या कानाचा आहे.

गाळा सोडू नकोस गं.

तुझी,
देवश्री


श्रीरामपूर
२० मार्च २०२६

चि. सौ. देवश्रीस,

अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेसुद्धा यातच धर.

फोन करणार होते. पण नानांचं म्हणणं मला पटायला लागलंय, म्हणून लिहितेच.

केदारनं डबा दिला तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. मी लगेच उघडला नाही. भीती वाटत होती. तुला कसं सांगू? तो चंद्र मी कधी पाहिलेलाच नव्हता. दुधाच्या पावडरच्या उंच डब्यात तो आधी वेगळा भाजायचा, केशर घालून, मग चॉकलेटच्या पिठात आडवा निजवायचा आणि पुन्हा ओव्हनमध्ये घालायचा. एकदा आत गेला की गेला. न कापता कसं कळणार, मधोमध राहिला की तळाला जाऊन बसला? आधीचे दोन मी कापून बघितले, म्हणून तर फसलेले कळले. हा तिसरा मी न बघताच पाठवला होता. म्हणून एवढी तडफडत होते, देवश्री. मला कौतुक हवं होतं हे खरं आहे. पण त्याहून जास्त हे हवं होतं की कुणीतरी सांगावं, जमलं का ते.

मग झाकण उघडलं. रडले बराच वेळ. चांगुणाबाई नेमक्या त्याच वेळी आल्या आणि म्हणाल्या, "काय झालं वो ताई, कोनी गेलं का?" मी म्हटलं, नाही, उगवलंय. त्यांना काही कळलं नाही. तुकडा अर्धा त्यांना दिला. त्यांनी तो बघत खाल्ला, एवढं नक्की.

काल पाडव्याला किल्ली घेऊन आक्काबाईंकडे गेले. गुढी उभारून त्या दारातच उभ्या होत्या. मी किल्ली पर्समधून काढली आणि हातातच धरून ठेवली. म्हटलं, अक्षय तृतीयेपर्यंत थांबता का? त्या कव्हरवाल्या मुलाच्या नावानं थोडं कुरकुरल्या, मग म्हणाल्या, "थांबते. पन मग पक्कं सांगायचं." पक्कं काय सांगणार, मलाच माहीत नाही. पण परत येताना दुधाच्या पावडरचे दोन उंच डबे घेतले.

ज्ञानेश्वरीला सांग, सूर्य जमेल. नुसता गोल, किरणं मागू नकोस म्हणावं. गोरक्षनाथला आधीच सांगून ठेव, केकच्या आत बैलगाडी होत नाही, माणसांनी काहीतरी ताळतंत्र ठेवावं. आणि नोजलचा डबा मी पाठवत नाहीये. तुझ्या मशीनच्या नळ्या तुझ्या सुईनं साफ कर.

नानांना साष्टांग नमस्कार. त्यांना सांग, उजव्या कानाचा तुकडा मी नीट बघितला. चंद्र थोडा खाली बसलाय. भोवतालचं पीठ सैल झालं होतं. पुढच्या वेळी घट्ट ठेवीन.

तुझी,
अंबूताई